वाढलेल्या वर्षांचा हिशोब

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरातलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातला मजकूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'विज्ञानातील नवे शोध : मेंदू आणि निरोगी दीर्घायुष्य' असा भारदस्त विषय छापलाय. सकाळी चहाच्या वेळी एक ताई मला म्हणाल्या, "आमच्याकडे पोटगीच्या नुसत्या तारखा पडतायत, रेशनची बोंब आहे, आणि तुम्ही दीर्घायुष्याचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. आज मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. समाजकार्य शिकले आणि तेच काम करते. तेव्हा प्रयोगशाळेची भाषा माझ्याकडून अपेक्षू नका. प्रयोगशाळेतून जे बाहेर येतंय ते आपल्या कामाला कुठे येऊन भिडतं, एवढंच सांगणार आहे. आणि शेवटपर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाईचा मेंदू आणि बाईचं म्हातारपण तिच्या वाट्याला आलेल्या जगण्यातून घडतं. शाळा मिळाली की नाही, मार बसला की नाही, विसावा मिळाला की नाही, यावर ते ठरतं. आपण हे अनुभवानं जाणत होतो. आता विज्ञान ते मोजून सांगू लागलंय.

वर्षं वाढली, पण कसली?

आधी एक जुना आकडा. १९७०–७५ या काळात भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं होतं आणि मुलीचं ४९. जगात बहुतेक ठिकाणी बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. आपल्याकडे उलटं होतं. बाळंतपणात जाणाऱ्या बायका, ताटात शेवटी उरेल ते खाणाऱ्या मुली, दवाखान्यात उशिरा पोचणाऱ्या लेकी, सगळ्या त्या दीड वर्षाच्या फरकात होत्या. २०१६–२० च्या सरकारी नमुना नोंदणीत मुलाचं आयुर्मान ६८.६ आणि मुलीचं ७१.४ झालं. म्हणजे साधारण पंचेचाळीस वर्षांत बाईच्या आयुष्यात बावीस वर्षांची भर पडली. बायकांचं शरीर बदललं नाही. लसी, औषधं, पाणी, दवाखाने आणि बाळंतपणाची सोय बदलली. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं दीर्घायुष्याचं संशोधन कुठलं म्हणाल, तर हेच.

पण ही वाढलेली वर्षं कशी जातात? गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, हाडं ठिसूळ, आणि पुष्कळदा हातात पैसा नाही, नावावर घर नाही. बायका जास्त वर्षं जगतात, पण त्यातली जास्त वर्षं आजारपणात काढतात, हे जगभर दिसतं. म्हणून आता शास्त्रज्ञ नुसतं आयुष्य मोजत नाहीत, निरोगी आयुष्य वेगळं मोजतात.

या विषयात प्रयोगशाळेत खरोखर थक्क करणाऱ्या गोष्टी झाल्यात. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सिंथिया केनयन या शास्त्रज्ञ बाईंनी एका बारीकशा जंताचं एकच जनुक बदलून त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट केलं. म्हातारपण म्हणजे यंत्र झिजत जाणं, त्याला इलाज नाही, ही समजूत तिथून हलली. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जीवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञानं कॅनडात 'रॅपामायसिन' नावाचं द्रव्य वेगळं केलं होतं. २००९ मध्ये ते म्हाताऱ्या उंदरांना देऊन पाहिलं, तर माद्यांचं आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. लक्षात ठेवा, एकच औषध आणि मादीवर वेगळा परिणाम, नरावर वेगळा. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मात्र ही जंतांची आणि उंदरांची गोष्ट झाली. अमुक गोळीनं निरोगी माणसाचं आयुष्य वाढतं, असं अजून कुठल्याही गोळीबद्दल सिद्ध झालेलं नाही. तुमच्या वस्तीत कुणी 'तारुण्य टिकवणारं' चूर्ण, इंजेक्शन किंवा महागडी तपासणी विकायला आलं, तर पदराची गाठ घट्ट ठेवा.

मेंदूचं वजन

आता मेंदूकडे वळू. बाईला कमी लेखण्यासाठी विज्ञान पूर्वीही वापरलं गेलंय. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या नामांकित डॉक्टरांनी मेंदू तोलले. २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी १३२५ ग्रॅम, १४० बायकांच्या मेंदूंची ११४४ ग्रॅम. झालं! बाईची अक्कल १८१ ग्रॅमनं कमी ठरली. बाईचं शरीरच लहान असतं, वयाचाही फरक असतो, याचा नीट हिशोब कुणी मांडला नाही. १८७९ मध्ये गुस्ताव्ह ल बाँ यांनी तर पुष्कळ बायकांचे मेंदू पुरुषांपेक्षा गोरिलाच्या मेंदूला जवळचे आहेत असं लिहून ठेवलं, आणि मुलींना मुलांसारखं शिक्षण द्यायला विरोध केला. त्याच काळात इथे पुण्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात करून तीस वर्षं झाली होती. मेंदू न तोलताच त्यांना उत्तर ठाऊक होतं.

आज मेंदू तोलत नाहीत, जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रं घेतात. २०१५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या डॅफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४०० हून अधिक मेंदूंची चित्रं तपासली. पुरुषांत जास्त आढळणारी आणि बायकांत जास्त आढळणारी, अशी वैशिष्ट्यं वेगवेगळी काढली. मग एकेक मेंदू घेऊन पाहिलं, तर सगळीच वैशिष्ट्यं 'बायकी' किंवा सगळीच 'पुरुषी' असे मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांचा मेंदू म्हणजे गोधडीच, वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांची. यावर आक्षेपही आले. सगळी मोजमापं एकत्र घातली तर मेंदू बाईचा की पुरुषाचा हे संगणक बऱ्याचदा ओळखतो, असं काही संशोधकांनी दाखवलं. तेही खरं आहे. पण ओळखू येणं वेगळं आणि कमी असणं वेगळं. आवाजावरूनही आपण बाई-पुरुष ओळखतो, म्हणून कुणाचं बोलणं खोटं ठरत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा शोध : मेंदू कामानं घडतो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा तर शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेनं २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या मेंदूत, वाटा लक्षात ठेवणाऱ्या केंद्राचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. शंका उरली की, मेंदू तसा होता म्हणून ते चालक झाले, की चालक झाले म्हणून मेंदू तसा झाला? २०११ मध्ये शिकाऊ चालकांना शिकण्याआधी आणि नंतर तपासलं. जे शिकून परीक्षा पास झाले, त्यांच्यात तो भाग वाढला होता. मोठ्या वयात, शिकल्यामुळे.

बाळंतपणातही मेंदू बदलतो. 'बाळंतपणानं बाईची अक्कल जाते' असं आपल्याकडे हसत हसत म्हणतात. २०१६ च्या अखेरीस युरोपातल्या संशोधकांनी पहिलटकरणींच्या मेंदूची गर्भारपणाआधीची आणि बाळंतपणानंतरची चित्रं प्रसिद्ध केली. दुसऱ्याचं मन ओळखण्याशी संबंधित भागांत ठळक बदल होता, आणि तो किमान दोन वर्षं टिकला. स्मरणशक्तीच्या चाचणीत मात्र लक्षणीय घट नव्हती. मेंदू नव्या कामासाठी स्वतःला नव्यानं लावून घेत होता, असा त्याचा अर्थ संशोधक लावतात. बाळंतीण विसरते, तेव्हा ती किती रात्री सलग झोपलेली नाही, हे आधी विचारावं.

मेंदूची शिल्लक

मेंदू शिकण्यानं घडतो, तर ज्या मुलीला चौथीतून काढलं तिच्या मेंदूचं काय? याचं उत्तर म्हातारपणी मिळतं, आणि ते कडू आहे.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकारानं भारतातल्या म्हाताऱ्या माणसांची एक फार मोठी पाहणी चालते. तिच्यातूनच निघालेला स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या शंभरांत सुमारे साडेसात जणांना स्मृतिभ्रंश, देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं. त्यात पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. खेड्यातली, न शिकलेली म्हातारी बाई म्हणजे तिन्ही बाजूंनी सापडलेली.

शिक्षणाचा आणि याचा संबंध काय? अमेरिकेत १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास झाला. त्या एकाच प्रकारचं अन्न खात, एकाच प्रकारचं आयुष्य जगत, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासायला त्यांनी संमती दिली होती. काही जोगिणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. विशीत ज्यांचं लिखाण विचारांनी भरलेलं होतं, त्यांच्यात म्हातारपणी हा आजार कमी दिसला. शास्त्रज्ञ म्हणतात, शिकण्यानं मेंदूत शिल्लक साठते. आजार पैसे काढत राहतो, पण खातं लगेच रिकामं होत नाही. बचत गट चालवणाऱ्या तुम्हां मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या मुलीला खातंच उघडू दिलं नाही, तिची शिल्लक कुठून येणार?

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये चौदा कारणं सांगितली. ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातली काही वाचते : कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, उदासीनतेचा आजार, एकटेपण, हवेचं प्रदूषण, डोक्याला इजा. आता आपल्या वस्तीतली एखादी साठीची बाई डोळ्यांपुढे आणा. शाळा नाही. चुलीचा धूर आयुष्यभर. मोतीबिंदूचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी'. कानाच्या यंत्राचा विषयच नाही. नवरा गेल्यावर कोपऱ्यातली खाट. रक्तदाब कधी मोजलेलाच नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना महागडं औषध लागत नाही. यादीतलं शेवटचं कारण मात्र मी मुद्दाम वेगळं काढलंय.

डोक्यावरचा मार

१९२८ मध्ये अमेरिकेत मार्टलंड या डॉक्टरांनी मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांबद्दल लिहिलं. डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन ती माणसं अडखळतात, विसरतात, बावचळतात. तेव्हापासून खेळाडूंच्या मेंदूवर केवढं संशोधन झालं! शिरस्त्राणं आली, नियम बदलले, भरपाईचे खटले झाले.

घरात मार खाणाऱ्या बाईच्या मेंदूकडे बघायला किती वर्षं लागली? 'द लॅन्सेट'मध्येच १९९० साली ब्रिटिश डॉक्टरांनी एका स्त्रीच्या मेंदूची तपासणी नोंदवली. नवऱ्याकडून वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या त्या बाईच्या मेंदूत मुष्टियोद्ध्यांसारखेच बदल आढळले. मधे बासष्ट वर्षं गेली. आणि त्यानंतरही फार संशोधन झालं असं नाही. २००३ मध्ये ईव्ह व्हलेरा या संशोधिकेनं अमेरिकेत नवऱ्याचा वा जोडीदाराचा मार खाल्लेल्या ९९ स्त्रियांना नीट प्रश्न विचारले. सुमारे तीन-चतुर्थांश बायकांना मारामुळे मेंदूला किमान एकदा इजा झाली होती आणि निम्म्या बायकांना एकाहून जास्त वेळा. अशा इजा जितक्या जास्त, तितका स्मरणाच्या आणि शिकण्याच्या चाचण्यांत त्रास जास्त.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९–२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या दहा बायकांपैकी सुमारे तिघींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यातल्या किती जणींचं डोकं भिंतीवर आपटलं गेलं, किती जणींचा गळा दाबला गेला, हे आपण आपल्या केंद्रात तरी विचारतो का? आपल्या नोंदीत हात मोडल्याचं असतं, भाजल्याचं असतं, वळ उठल्याचं असतं. डोक्याच्या मारात पुष्कळदा बाहेर काहीच दिसत नाही. गळा दाबल्यावर मेंदूचा प्राणवायू तुटतो, आणि गळ्यावर वण दिसेलच असंही नाही.

अशा इजेनंतर काय होतं, ऐका. डोकं दुखत राहतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही. झोप बिघडते, चिडचिड होते. घटना क्रमानं सांगता येत नाहीत. तारीख लक्षात राहत नाही. एका प्रश्नाला आज एक उत्तर, उद्या दुसरं. ओळखीची वाटतेय ना ही बाई? ठाण्यात म्हणतात, 'बाई जबाब फिरवते.' कोर्टात वकील म्हणतो, 'तारखा जुळत नाहीत, केस बनावट आहे.' सासरचे म्हणतात, 'डोक्यानं अधू आहे, मुलं आमच्याकडे द्या.' आणि आपल्या कार्यालयातसुद्धा कधी कधी ऐकू येतं की, 'तिला तीनदा समजावलं, तरी ती कागद आणतच नाही, तिलाच गरज नाही.' ज्यानं मारलं त्याच्याच मारानं तिची साक्ष दुबळी होते, आणि त्या दुबळेपणाचा फायदाही त्यालाच मिळतो. मेंदूच्या संशोधनातली ही एक गोष्ट जरी इथून नेलीत तरी माझं येणं सार्थकी लागलं.

सरसकट प्रत्येकीला मेंदूची इजाच झालीय असं मात्र धरून चालू नका. भीती, जागरण, उपासमार यांनीही माणूस असंच वागतं. ठरवायचं काम डॉक्टरांचं. विचारायचं काम आपलं.

पिशवी

दुसरा विषय बायकांत कुजबुजत बोलला जातो, तो पिशवीचा. 'पिशवी काढली की कटकट मिटली' हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही इथे नसेल.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न गाजला. सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यात सुमारे १३ हजार ८०० जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. फडात पाळीच्या वेळी ना पाणी, ना आडोसा. एका दिवसाचा खाडा पडला तर मुकादम दंड कापणार, उचल फिटणार नाही. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जावं, तर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगणार.

पिशवीबरोबर पुष्कळदा बीजकोशही काढून टाकतात. बाईला हे सांगितलंही जात नाही. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे फक्त मूल होण्यासाठी नसतं. हाडं, हृदय, मेंदू, सगळ्यांना ते लागतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २००७ मध्ये दीर्घकाळच्या अभ्यासातून दाखवलं की पाळी जाण्याच्या वयाआधी ज्यांचे बीजकोश काढले, त्यांच्यात पुढे बुद्धी मंदावण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितका धोका जास्त. म्हणजे इकडे जगातल्या प्रयोगशाळा बाईचं म्हातारपण कसं लांबवता येईल ते शोधतायत, आणि इकडे आमच्या बाईचं म्हातारपण तिशीतच आणलं जातंय. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. हा आदेश आपल्या हातात आहे. तो तालुक्याला पोचवणं आपल्याला करावं लागेल.

पैसेवाल्या बायकांच्याही वाट्याला वेगळं सोसणं आलं. १९६६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांच्या पुस्तकानं पाळी जाणं हा जणू रोगच ठरवला आणि कायम 'स्त्री' राहण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. लाखो बायकांनी त्या घेतल्या. २००२ मध्ये १६,६०८ बायकांवरची मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण स्तनांचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात वाढताना दिसले. मग सगळ्यांनी घाबरून त्या गोळ्या सोडल्या. पुढे लक्षात आलं की चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाण्याच्या सुमारास सुरू केलेल्या गोळ्यांचा हिशोब वेगळा असतो. आधी 'घ्याच', मग 'घेऊच नका'. प्रत्येक बाईचं वय, तिचा त्रास, तिचं मत विचारून ठरवायला हवं होतं.

औषध कुणाच्या मापाचं?

उंदरांच्या त्या फरकाकडे आता परत येते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. गर्भाला धोका नको, हा हेतू. ते बंधन १९९३ मध्ये उठलं. तोवर पुरुषाचं शरीर म्हणजेच माणसाचं शरीर, हा हिशोब पक्का झाला होता. २०११ च्या एका पाहणीत दिसलं की मेंदूशास्त्रात फक्त नर प्राण्यांवर केलेले अभ्यास फक्त मादीवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते.

त्याची किंमत काय? झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहतो, म्हणून बायकांची मात्रा निम्मी करा, असं सांगायला २०१३ साल उजाडलं. वीस वर्षं बायकांनी पुरुषांच्या मापाची गोळी घेतली.

आणि अगदी अलीकडचं सांगते. अल्झायमरवर लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत त्यानं आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. तो बरा केला नाही. मेंदूत सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका आहे. सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. त्याच चाचणीत बायकांना झालेला फायदा पुरुषांपेक्षा बराच कमी दिसला. चाचणी या फरकासाठी आखलेली नव्हती, म्हणून त्यावरून पक्का निष्कर्ष काढता येत नाही. पण अमेरिकेत अल्झायमरच्या तीन रोग्यांपैकी दोन बायका असताना, चाचणीच या फरकासाठी का आखली गेली नाही?

दुसऱ्याची काळजी वाहणारी

म्हाताऱ्या सासूला स्मृतिभ्रंश झाला तर उशाशी कोण बसतं? सून, लेक, नाहीतर तुटपुंज्या पगारावरची कामवाली. या काळजीची किंमतही शरीरात मोजली गेली आहे. आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टोपणं असतात, बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं तसं. त्यांना टेलोमेअर म्हणतात. पेशी विभागत जाते तशी ती आखूड होतात. या शोधासाठी २००९ चं नोबेल पारितोषिक एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना मिळालं. तिघांत दोघी बायका. ब्लॅकबर्न यांनी मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांच्याबरोबर २००४ मध्ये ५८ आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या कित्येक जणी दीर्घ आजारी मुलाची शुश्रूषा करत होत्या. ज्यांना सर्वांत जास्त ताण जाणवत होता, त्यांची टोपणं इतकी आखूड होती की पेशींचं वय निदान दहा वर्षांनी पुढे गेल्यासारखं दिसलं. अभ्यास लहान होता, आणि एकट्या व्यक्तीचं वय टेलोमेअरवरून सांगता येत नाही हे पुढे स्पष्ट झालं, तेव्हा ती तपासणी करून घ्यायला पैसे घालवू नका. 'काळजीनं वाळली' हा शब्दप्रयोग मात्र आपल्या आज्यांनी उगीच केला नव्हता.

मग आपण काय करायचं?

सकाळच्या त्या ताईंना आता उत्तर देते. पोटगीची तारीख, रेशन, दारूबंदी, शाळा या सगळ्याच दीर्घायुष्याच्या लढाया आहेत. वेगळं आंदोलन नको. चालू कामात चार-पाच गोष्टी घालूया.

पहिली : आपल्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत तीन प्रश्न वाढवा. डोक्यावर मार बसला का? गळा दाबला का? त्यानंतर शुद्ध हरपली, गरगरलं, उलटी झाली, काही आठवेनासं झालं का? उत्तर 'हो' असेल तर तिला सरकारी दवाखान्यात न्या आणि कागदावर डोक्याच्या माराची नोंद करूनच घ्या. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते दवाखान्यातच हिंसाग्रस्त बाईची दखल घेण्यासाठी. असा दुवा आपल्या तालुक्यात कुठे जुळवता येईल ते पाहा. आणि अशा बाईला सूचना तोंडी देऊन थांबू नका. तारीख, वार, कागदांची यादी चिठ्ठीवर द्या. वाचता येत नसेल तर सोबत कुणीतरी ठेवा. तिचं म्हणणं एका बैठकीत न घेता दोन-तीन बैठकांत घ्या.

दुसरी : पिशवीच्या ऑपरेशनला निघालेल्या प्रत्येक बाईला चार प्रश्न पाठ करून द्या. कशासाठी काढताय? दुसरा उपाय आहे का? बीजकोश ठेवणार की काढणार? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ का?

तिसरी : गटाच्या बैठकीत वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर, डोळे आणि कान तपासून घ्या. पन्नाशीपुढच्या बायकांना आग्रहानं बोलवा. त्या 'आमचं काय आता' म्हणतील, ऐकू नका.

चौथी : शिकवणं फक्त मुलींसाठी ठेवू नका. साठीची बाई सही शिकते, हिशोब शिकते, गटात वाद घालते, तेव्हा तिचा मेंदू काम करत असतो आणि ती एकटी राहत नाही.

पाचवी : काळजी वाहणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल अशी पाळी गटातच लावा. सरकारकडे दिवसाच्या देखभाल केंद्रांची मागणी करा. आणि कुठेही औषधाची चाचणी, आरोग्याची पाहणी होत असेल तिथे विचारा की यात बायका किती, आणि त्यांचे आकडे वेगळे मांडणार का?

दुपारच्या सत्रात जिल्हावार बसून नोंदवहीचे ते तीन प्रश्न आपल्या आपल्या बोलीत लिहून काढू. 'शुद्ध हरपली' हे तुमच्याकडे कसं म्हणतात, 'गरगरलं' कसं म्हणतात, ते तुम्हालाच माहीत. संध्याकाळी निघताना प्रत्येक जिल्ह्याचा एक कागद माझ्याकडे द्या. पुढच्या बैठकीपर्यंत त्याची छापील नोंदवही तयार करू.